काळी दोनवरची टिकली

१५ जून

पोचले बाई एकदाची! टेम्पोत सामान, सामानात मी, आणि मांडीवर तुळशीची कुंडी. ड्रायव्हरनं नामपूरपासून नाशिकपर्यंत एकच गाणं लावून धरलं होतं, पण आज कशाचाही राग करायचा नाही असं मी ठरवलंय. बेचाळिसाव्या वर्षी का होईना, हेडक्लार्क झाले आणि संस्थेनं इथल्या शाळेत बदली दिली. नामपूरच्या बायका म्हणाल्या, संजना, एकटी कशी राहशील? म्हटलं, आजवर काय दुकटी राहत होते?

खोली सिडकोत, पहिल्या मजल्यावर. जिना वेगळा, पाणी दोन्ही वेळ, खिडकीतून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. खाली घरमालक गोरक्षकाका आणि लताकाकू. काका साठीचे, अंगानं टणक, तोंडभर हसणारे. त्यांची भक्तिगीतांची पार्टी आहे. गणपती असो, नवरात्र असो, जागरण असो, काका सुपारी घेतात आणि पार्टी घेऊन जातात. मंडप, लाइट, साउंड सगळं घरचंच. शिवाय खालच्या हॉलमध्ये कीबोर्डचा क्लास.

क्लासची पाटी वाचली आणि जीव सुपाएवढा झाला. लहानपणी मला पेटी शिकायची होती. आण्णा म्हणाले, पेटी वाजवणाऱ्या पोरीला कोण करून घेणार? पेटी नाही शिकले, तरी कुणी करून घेतलं नाहीच. आमच्या घरात कोड आहे अशी आवई कुणीतरी उठवली होती. साफ खोटी. पण पाहुणे पोहे खाऊन जायचे ते जायचेच.

असो. आज आनंदाचा दिवस. उद्याच नाव घालते.

२२ जून

घातलं नाव! हॉलभर चिल्लीपिल्ली आणि मधे मी, कोंबडीच्या पिलांत म्हैस बसावी तशी. काकांना भीत भीत विचारलं, माझ्या वयात जमेल का? ते म्हणाले, न जमायला काय झालं, बोटं तर दहाच्या दहा आहेत की.

अंगठा म्हणजे एक, करंगळी म्हणजे पाच. सा रे ग झालं की अंगठा खालून सरकवायचा आणि म धरायचा. सांगायला सोपं आहे. माझा अंगठा म्हणजे सरकारी फाइल, ढकलल्याशिवाय हलत नाही.

घरी सरावाला कीबोर्ड नव्हता, तोही मिळाला. माझ्याच खोलीच्या माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलेला होता, लोखंडी स्टँडसकट. आधीच्या भाडेकरू मुलीचा, म्हणे. लताकाकू जिन्यात येऊन हळूच म्हणाल्या, नवा घ्या हो, तो नका घेऊ. काका खालून ओरडले की चांगली वस्तू काय सडवायची? काकू गप्प. त्या नेहमीच गप्प होतात.

कीबोर्ड झकास आहे. फक्त एका काळ्या पट्टीवर मरून टिकली चिकटवलेली आहे. नखानं खरवडली, ओल्या फडक्यानं घासली, निघेना. काका म्हणाले की ती काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, त्यांच्या गाण्याचा सा. ते गायचे तिथून, म्हणून त्या मुलीनं खूण केली होती. मी मात्र पांढरी एकपासून शिकायचं.

काकांची एक सवय मला आवडत नाही. सूर मागताना डाव्या हातानं वाजवणाऱ्याच्या कीबोर्डच्या स्टँडवर सगळा भार टाकून उभे राहतात. कीबोर्ड डुगडुगतो. त्याशिवाय म्हणे त्यांना सूर सापडत नाही.

६ जुलै

रोज शाळेतून आल्यावर सराव. उजवा हात आता ऐकतो. डावा म्हणजे घरजावई, बसून खातो, कामाला उठत नाही. दोन्ही एकदम चालवायला गेलं की डोकं फुटायची वेळ येते. तरी काल आरतीची एक ओळ अख्खी वाजली आणि मी एकटीच टाळ्या पिटल्या. वेडी मी.

एकच तक्रार. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. काकांना सांगितलं. ते हसून म्हणाले की नवशिक्याच्या बोटांना मुंग्या येणारच, थांबायचं नाही, वाजवत राहायचं. त्यांच्या मागं काकू चहा घेऊन उभ्या होत्या. कप बशीत खडखडला. मला वाटलं बिचारीला बी.पी.चा त्रास असेल.

१९ जुलै

आज गंमत झाली. गंमतच म्हणते अजून.

शनिवार, अर्धी शाळा. दुपारी बसले सरावाला. सा रे ग म करता करता बोटं आपोआप टिकलीकडं सरकली आणि तिथून एक चाल सुरू झाली. मला कुणी शिकवलेली नाही. देवीच्या गाण्याआधी वाजवतात तशी, लाडात येऊन वर चढणारी. डावा हातसुद्धा चालत होता, घरजावई चक्क राबत होता! चाल वर वर गेली आणि शेवटच्या सुराच्या तोंडाशी तुटली. पुन्हा वाजवली. तिथंच तुटली. किती वेळ झाला कोण जाणे, इतकी गोड होती.

मग डोक्यावरचा पंखा गरगरला, तेव्हा कळलं की इतका वेळ लाइटच नव्हती. कीबोर्डात सेल नाहीत, मी स्वतः पाहिलं. समोरच्या सुमनबाई गॅलरीतून म्हणाल्या, लय भारी वाजवता हो ताई, लाइट गेली तरी आमची करमणूक झाली.

म्हणजे त्यांनीही ऐकलं.

३ ऑगस्ट

क्लासमध्ये तीच चाल वाजली. मी वाजवली असं लिहवत नाही. आधी काका मान डोलावत होते. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्टँडवरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतला आणि म्हणाले की हे इथं वाजवायचं नाही. कुठून शिकलात? म्हटलं, तुम्हीच दिलेल्या कीबोर्डातून.

संध्याकाळी काकूंना खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं. ती मुलगी म्हणजे निकिता, हरसूलकडची. इथं राहून कॉलेज करायची आणि काकांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायची. चाल तिनंच बांधलेली. मागच्या नवरात्रात कार्यक्रमाआधी साउंड तपासताना स्टेजवर कोसळली आणि गेली. फिट यायची तिला, असं काका सांगतात.

असं काका सांगतात. काकूंनी नेमकं एवढंच म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

मेलेल्या पोरीचा कीबोर्ड मला दिला! साधं सांगायचं तरी. माय वं, मला आज जेवण गेलं नाही.

१७ ऑगस्ट

निकिताची आई आली होती, कुसाबाई. पोरीची वस्तू न्यायला आली. काका घरी नव्हते, काकूंनी तिला वर पाठवलं.

चहा देताना तिनं माझी बोटं पाहिली आणि कप ठेवून माझे दोन्ही हात धरले. बोटांची टोकं काळवंडलीत हे मलाच माहीत नव्हतं. म्हणजे दिसत होतं, मी शाई समजत होते. ती म्हणाली की पोरीला शेवटची अंघोळ घातली तेव्हा तिची बोटंही अशीच होती. पोरीला कधी फिट आली नाय, जन्मापासून एकदाबी नाय. काकांनी गाडी करून मयत घरी पोचवलं, खर्च केला, रडले, आणि गावभर सांगितलं की फिट आली. मोठा माणूस सांगतो म्हटल्यावर कोण काय तपासणार?

आता धाकट्या लेकीचं, मनालीचं, स्थळ मोडतंय. एक नाही, आलं ते प्रत्येक. घरात फिटीचा आजार आहे म्हणून. कुसाबाई रडत नव्हती. नुसती सांगत होती आणि माझी बोटं चोळत होती, थंडीत लेकराची चोळतात तशी.

कीबोर्ड उचलायला गेलो दोघी. हलेना. दोन बायकांना हलेना! मी रोज एका हातानं उचलून पुसते. कुसाबाईनं टिकलीवरून बोट फिरवलं, काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, राहू दे बाई. तिचं काम व्हायचंय.

१८ ऑगस्ट

रात्र तळमळून काढली. सकाळी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं.

सांगितलं त्यांनी सगळं. पाऊस पडून गेलेला, स्टेजवरचा गालिचा ओला. देवीसमोर म्हणून सगळे अनवाणी. काकांनी अर्थिंगची तार जोडलीच नव्हती. कधीच जोडत नाहीत, वायरमन लागतो, वेळ जातो. निकिता म्हणाली की स्टँडला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. काका म्हणाले, येणारच, थांबायचं नाही, वाजवत राहायचं. चाल संपत आली तसा माइक घसरू लागला. तिनं एक हात स्टँडवर ठेवून दुसऱ्यानं माइक धरला.

तेच शब्द. मला जे सांगितले तेच.

मी काकूंना म्हटलं, तुम्ही तिथं होता, तुम्हाला तोंड होतं ना? त्या म्हणाल्या, नवऱ्याच्या नावाला बट्टा लागला असता. मी म्हटलं, बट्टा मनालीला लागला. आणि जिना चढून वर आले. रागानं हातपाय कापत होते. हात जरा जास्तच.

२४ ऑगस्ट

काकांशी बोलले. पोलिसात जाऊ नका, पैसे देऊ नका, फक्त हरसूलला जाऊन चार माणसांत सांगा की पोरीला फिट नव्हती, शॉक लागला. एवढंच मागितलं.

ते म्हणाले की गेलेल्या पोरीला फिट होती काय नि नव्हती काय, तिला आता काय फरक पडतो? म्हटलं, बहिणीचं काय? म्हणाले, होईल कुठं तरी. मुली काय बिनलग्नाच्या राहतात का? आणि माझ्याकडे बघून हसले.

चोर तो चोर, वर शिरजोर. या माणसाला मी गुरू म्हटलं. गुरुपौर्णिमेला पाया पडले!

खोली सोडणार होते. बॅग भरली. चेन लावताना हातांनी ती परत उघडली. कपडे एकेक काढून कपाटात ठेवले, नीट घड्या घालून. मी अशा घड्या घालत नाही.

७ सप्टेंबर

शाळेत टाइप करताना बोटं थांबतात आणि टेबलाच्या कडेवर ती चाल वाजवतात. शिपाई बारकू म्हणाला, मॅडम, कार्यक्रमाची तयारी वाटतं? हसले. काय करू?

पोळ्या लाटायच्या तर लाटणं धरत नाहीत. हात ओढणीनं बांधून झोपले. सकाळी ओढणी सुटलेली, घडी करून उशाशी ठेवलेली.

लिहू मात्र देतात. तिलाही हे लिहून हवं असेल.

१४ सप्टेंबर

बंटीला डेंग्यू झालाय. बंटी म्हणजे पार्टीचा आत्ताचा कीबोर्डवाला. नवरात्राची सुपारी तर घेऊन ठेवलेली. काका वर आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, झालं गेलं सोडा, तुमच्याइतका हात सध्या कुणाचा नाही, वाजवाल का?

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. त्याआधी हातांनी नमस्कार केला. काकांनी तो होकार धरला.

आणि खरं लिहू? मीही मग नाही म्हटलं नाही.

१५ सप्टेंबर

तिला काय हवंय ते कळलं.

चाल संपते तिथं काकांचा सूर सुरू होतो. सूर मागायला ते स्टँडवर हात टेकणार. दुसऱ्या हातात माइक. अनवाणी.

नाही. मी खुनी बाई नाही. राग येतो म्हणून माणूस मारतात का? पण काका जिन्यात शिट्टी वाजवत जातात ना, तेव्हा वाटतं—

नको.

२१ सप्टेंबर

त्यांना सांगितलं. तोंडावर सांगितलं. अर्थिंग करून घ्या, रबरी चपला घाला, स्टँडला हात लावू नका.

हसले. म्हणाले की देवीसमोर चपला घालू? नवशिक्यांना भीती वाटणारच.

बोटं आवळली गेली. नखं तळहातात रुतली. हा राग तिचा नाही, माझा आहे. वेगळा ओळखू येतो अजून. थोडा थोडा.

२३ सप्टेंबर

पाऊस. कुसाबाईचा फोन. मनालीचं अजून एक मोडलं. साखरपुड्याची तारीख ठरली होती, पाहुण्यांनी खात्री करायला काकांना फोन केला. काकांनी सांगितलं— हो, फिटीचंच घराणं.

परवा सांगितलं. माझं ऐकल्यानंतर!

कोड. फिट. एक शब्द पुरतो. माझ्यासाठी तो शब्द कुणी बोललं ते मला कधी कळलंच नाही. कळलं असतं तर—

२४ सप्टेंबर, सकाळ

आज कार्यक्रम. तरीही केलं. माणूस आहे मी. काका फुलं आणायला गेले तेवढ्यात नाक्यावरचा वायरमन बोलावला. त्यानं स्टेजमागं लोखंडी सळई ठोकली, मिठाचं पाणी ओतलं, तार साउंडच्या पेटीला घट्ट आवळली. म्हणाला, आता काय बी भ्या नाय.

देवीला हात जोडले. हात जुळले. हलके वाटले. निकिता, मी कुसाबाईसोबत घरोघर जाऊन खरं सांगेन, बाई. असं नको.

दुपार

दोन घास खाल्ले, डोळा लागला. जाग आली तर नखांत माती.

ओली. चाटून पाहिली— खारट.

पर्समध्ये तार आहे. गुंडाळलेली. नीट घडी घातल्यासारखी.

संध्याकाळ

स्टेजवर. काळोख पडायचाय अजून. गालिचा ओला. माझ्या रबरी चपला मंडळाच्या पोरांनी काढायला लावल्या, देवी आहे म्हणाले. पर्स पण खाली ठेवली कुणीतरी, काकूंच्या मांडीवर. तार तिच्यात.

ही वही निकिताच्या कीबोर्डवर; आज तो इथं आणताना एका हातानं उचलला गेला. डावा हात चाल वाजवतोय, उजवा लिहितोय. दोन्ही हात एकदम जमत नव्हते मला. आता जमतात. हसू येतंय.

पहिल्या रांगेत काकू. त्यांनी पर्स उघडली. तार बघितली. माझ्याकडं बघितलं.

पर्स बंद केली. गप्प.

चाल चढतेय. काका येतायत. हार घातलाय, हसतायत. माइक उजव्या हातात. मुंग्या कोपरापर्यंत आल्या.

ओरडता येईल. आत्ता. हात तिचे आहेत, तोंड तर माझंच आहे. कुणी धरलेलं नाही. मी जीभ हलवून पाहिली, हलते. काका, थांबा— एवढंच म्हणायचं. दोन शब्द.

काकूंना मी विचारलं होतं, तोंड होतं ना?

ते समोर आले. वाकले. म्हणतायत, सूर द्या ताई, काळी दोन. डावा हात उचलला, स्टँडकडं नेतायत—

तोंड माझं आहे. मी ते मिटून घेतलंय. हे तिनं नाही, मी—

बोट टिकलीवर. थंड आहे टिकली. सा—